सिझेरियन प्रसूतीविषयी गर्भवतीचे प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

सिझेरियन शस्त्रक्रिया ही आज सर्वपरिचित बाब झालेली आहे. तथापि गर्भवती स्त्री या शस्त्रक्रियेविषयी जे प्रश्न विचारते त्या प्रश्नांना स्वतःचा इतिहास आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मी वाचेन का, भूल कोणती देणार, पुढचे बाळंतपणही असेच होणार का, शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे का, या प्रत्येक प्रश्नाचे आजचे उत्तर विशिष्ट काळात व विशिष्ट परिस्थितीत घडत गेलेले आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा ऐतिहासिक क्रम मांडला असून, प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो गर्भवतीकडे कसा आला याचा शोध घेतला आहे.

बीजशब्द : सिझेरियन, बाळंतपण, भूल, संमती, स्त्री-आरोग्याचा इतिहास.

प्रस्तावना :

बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हटले जाते. या म्हणण्यात अलंकार कमी आणि अनुभव अधिक आहे. मूल आडवे आले, वार अडकली, कळा थांबल्या, की घरातील वडीलधाऱ्या बायका आणि सुईण यांच्या हाती फारसे काही उरत नसे. 'अडलेली बाई' हा शब्दप्रयोग त्या हतबलतेतून आलेला आहे. पायाकडून जन्मलेल्या मुलास 'पायाळू' म्हणून वेगळे ओळखण्याची रीतही, असे मूल सुखरूप हाती येणे किती नवलाचे वाटत असे, हेच सुचविते.

आज परिस्थिती पालटली आहे. 'सिझर' हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के प्रसूती या शस्त्रक्रियेने झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के, तर गोव्यात ३९.५ टक्के होते. म्हणजे महाराष्ट्रातील दर चार बाळंतिणींपैकी एकीच्या पोटावर टाक्यांची खूण आहे. इतक्या मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या पराक्रमाच्या अंगाने सांगितला जातो. जिच्यावर शस्त्रक्रिया होते तिच्या प्रश्नांच्या अंगाने तो क्वचितच मांडला जातो. ही उणीव लक्षात घेऊन प्रस्तुत विषयाची निवड केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. सिझेरियन प्रसूतीविषयी गर्भवतीच्या मनातील प्रमुख प्रश्नांचा ऐतिहासिक उगम शोधणे.
२. या प्रश्नांची उत्तरे कोणत्या वैद्यकीय व सामाजिक बदलांमुळे पालटली ते तपासणे.
३. शस्त्रक्रियेचा निर्णय व संमती यांत स्त्रीचे स्थान कसे बदलत गेले याचे विवेचन करणे.

गृहीतक :

सिझेरियनचा इतिहास हा केवळ तंत्राच्या प्रगतीचा इतिहास नसून, प्रश्न विचारण्याचा अधिकार हळूहळू स्त्रीकडे येण्याचा इतिहास आहे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. वैद्यकाच्या इतिहासातील सर्वमान्य घटना, राष्ट्रीय सर्वेक्षणांची आकडेवारी आणि जागतिक आरोग्य संघटनेची निवेदने यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१) हे नाव कोठून आले?

रोमन सेनानी जूलियस सीझर याचा जन्म पोट चिरून झाला म्हणून या शस्त्रक्रियेस त्याचे नाव मिळाले, अशी समजूत सार्वत्रिक आहे. ती टिकणारी नाही. सीझरची आई ऑरेलिया ही सीझर प्रौढ होऊन सेनानी म्हणून नावारूपास येईपर्यंत हयात होती. तिचा मृत्यू इ.स.पू. ५४ मधील मानला जातो. त्या काळी जिवंत स्त्रीचे पोट चिरल्यावर ती वाचणे जवळजवळ अशक्य होते. अधिक ग्राह्य वाटणारी उपपत्ती दोन प्रकारची आहे. 'कापणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हे नाव आले असावे, किंवा प्राचीन रोमन कायद्यावरून आले असावे. गर्भवती स्त्री मरण पावल्यास तिच्या उदरातील मूल बाहेर काढल्याशिवाय तिचे दफन करू नये, असा तो कायदा होता. फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा रूसे याने १५८१ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि सीझरशी जोडलेले नाव युरोपात रूढ झाले.

नावाच्या या इतिहासात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. मूळ कायदा मृत स्त्रीविषयी होता. आई वाचेल का, हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. मूल मिळेल का, एवढाच प्रश्न होता आणि तो कुटुंब, धर्म किंवा राज्य विचारीत होते.

२) प्राचीन भारतीय परंपरा काय सांगते?

भारतीय परंपरेतही आरंभ याच ठिकाणी होतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील मूढगर्भ प्रकरणात, गर्भवती स्त्री अकस्मात मरण पावली आणि तिच्या कुशीत स्पंदन जाणवत असेल, तर वैद्याने तत्काळ उदर भेदून बालक बाहेर काढावे, असा निर्देश आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या राणीने विषमिश्रित अन्न घेतल्यावर चाणक्याने तिचे उदर चिरून बिंदुसारास वाचविले, ही बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या ग्रंथात आढळणारी जैन परंपरेतील कथाही याच स्वरूपाची आहे. तिच्याकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहता येत नाही. मात्र राजवंश वाचविण्यासाठी राणीचा देह हे साधन ठरते, हा तत्कालीन दृष्टिकोन तीतून स्पष्ट होतो.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जिवंत पण अडलेल्या स्त्रीविषयी स्वतंत्र अध्याय आहे. मूढगर्भ काढणे हे सर्वांत कठीण कर्म होय, कारण ते डोळ्यांआड केवळ स्पर्शाच्या आधारे करावे लागते, असे तेथे सांगितले आहे. गर्भ जिवंत असता त्यावर शस्त्र चालवू नये, तसे केल्यास आई व मूल दोघांचाही घात होतो, हा इशाराही आहे. शस्त्र कोणते वापरावे, याचाही विचार आहे. टोकदार शस्त्राने आईस इजा होईल म्हणून गोल अग्राचे शस्त्र सुचविले आहे. आईच्या जिवाविषयीची ही काळजी उल्लेखनीय आहे. तथापि याच प्रकरणात वैद्याने 'अधिपती'ची अनुज्ञा घेऊन मगच कर्मास आरंभ करावा, असे म्हटले आहे. अधिपती म्हणजे राजा किंवा त्या स्त्रीचा धनी, असा अर्थ लावला जातो. अनुज्ञा घेण्याचे तत्त्व इतक्या प्राचीन काळी मांडले जाणे ही गौरवाची बाब आहे. पण जिच्या देहावर शस्त्र चालणार तिची अनुज्ञा घेण्याचा उल्लेख तेथे नाही, हेही नोंदविले पाहिजे.

३) मी वाचेन का?

हा प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत दीर्घकाळ अनुत्तरित राहिलेला आहे. सन १५०० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील याकोब नूफर या डुकरे खच्ची करणाऱ्या इसमाने आपल्या पत्नीचे पोट चिरून मूल काढले व दोघेही जगले, अशी कथा प्रसिद्ध आहे. परंतु ती सुमारे ८० वर्षांनंतर, १५८२ मध्ये लिहिली गेल्याने इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. १६१० मध्ये जर्मनीतील विटेनबर्ग येथे येरेमियास ट्राउटमान याने जिवंत स्त्रीवर केलेली शस्त्रक्रिया मात्र चांगल्या प्रकारे नोंदविली गेली आहे. ती स्त्री सुमारे २५ दिवस जगली आणि मरण पावली.

यानंतरची अडीच शतके निराशेचीच होती. पॅरिसमध्ये १७८७ ते १८७६ या काळात सिझेरियननंतर एकही स्त्री वाचली नाही, असे वैद्यकाचे इतिहासकार नमूद करतात. ब्रिटनमध्ये १८६५ च्या सुमारास या शस्त्रक्रियेतील मातामृत्यूचे प्रमाण ८५ टक्के होते. त्यामुळे ब्रिटिश वैद्य, आई वाचावी म्हणून, अडलेल्या गर्भाचे डोके फोडून तो काढणे पसंत करीत. कॅथलिक देशांत बालकाच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न असल्याने मत वेगळे होते. आई की मूल, हा वाद धर्मपीठ आणि वैद्यकपीठ यांच्यामध्ये चालला. त्या वादात आईला पक्षकाराचे स्थान नव्हते.

अपयशाच्या या काळात दोन नोंदी वेगळ्या उठून दिसतात. १८२६ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केप टाउन येथे ब्रिटिश सैन्यातील शल्यविशारद जेम्स बॅरी यांनी केलेल्या शस्त्रक्रियेत आई व मूल दोघेही वाचले. पुढे १८७९ मध्ये रॉबर्ट फेल्किन या प्रवासी वैद्याने आजच्या युगांडातील बुन्योरो प्रदेशात स्थानिक वैद्यांनी केलेली यशस्वी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. केळ्याच्या मद्याने त्या स्त्रीस गुंगी आणली होती. त्याच मद्याने हात व पोट धुतले होते. रक्तस्राव तापलेल्या लोखंडाने थांबविला होता आणि जखम लोखंडी टाचण्यांनी जोडून तीवर मुळ्यांचा लेप लावला होता. हात धुण्याचे महत्त्व व्हिएन्नात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस याने सांगितले, तेव्हा त्याची उपेक्षा झाली होती. हे पाहता, सुधारणा केवळ युरोपातून जगभर पसरल्या, हा समज दुरुस्त करावा लागतो.

आईचे मरण मुख्यत्वे दोन कारणांनी ओढवत असे : रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग. गर्भाशय आपोआप आकुंचन पावते आणि आत घातलेले टाके नंतर काढता येत नाहीत, या समजुतीने गर्भाशयाची जखम शिवलीच जात नसे. १८७६ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो याने मूल काढल्यावर गर्भाशयच काढून टाकले आणि आई वाचली. जीव वाचला, पण पुन्हा आई होण्याची शक्यता गेली. जर्मनीत १८८१ मध्ये फर्डिनांड केरर याने गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतला आणि १८८२ मध्ये माक्स झेंगर याने गर्भाशय चांदीच्या तारेने व रेशमाने शिवण्याची पद्धत मांडली. जोसेफ लिस्टरने १८६७ मध्ये मांडलेल्या जंतुनाशक पद्धतीची जोड मिळाल्यावर मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरू लागले. पुढे रक्तगटांचा शोध (१९०१) आणि १९४० च्या दशकात पेनिसिलीनचा वापर यांनी हे कार्य पुढे नेले.

या यशाच्या मागे एक अंधारी बाजूही आहे. चांदीच्या तारेचे टाके अमेरिकेतील जे. मॅरियन सिम्स याने प्रचारात आणले. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामा राज्यात, बाळंतपणात इजा झालेल्या गुलाम स्त्रियांवर त्याने भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. त्या स्त्रिया कायद्याने दुसऱ्याच्या मालकीच्या असल्याने, त्यांच्या संमतीला त्या व्यवस्थेत अर्थच नव्हता. सुश्रुतकाळातील 'अधिपती' येथे गुलामांचा मालक होऊन पुढे येतो. आज टाके विरघळतील की काढावे लागतील, असा साधा प्रश्न गर्भवती विचारते, तेव्हा त्या टाक्यांमागे अशा स्त्रियांच्या वेदना आहेत याचे विस्मरण होऊ नये.

४) दुखेल का? भूल कोणती देणार?

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन याने बाळंतपणात क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. प्रसूतिवेदना ईश्वरी आज्ञेने आहेत, त्या टाळणे योग्य नव्हे, असा आक्षेप काहींनी घेतला आणि सिम्प्सनने त्यास धर्मग्रंथाच्याच आधारे उत्तर दिले. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले, तेव्हा हा वाद बराचसा निवळला. येथे प्रथमच एका बाळंतिणीच्या इच्छेने वैद्यकाच्या प्रथेला वळण दिले, असे म्हणता येईल. अर्थात, ती बाळंतीण साम्राज्याची राणी होती.

शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी का राहावे लागते, हा नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर १९४६ चे आहे. न्यूयॉर्कमधील कर्टिस मेंडेलसन यांनी, पूर्ण भुलीखाली असलेल्या बाळंतिणींच्या पोटातील अन्न व आम्ल श्वासमार्गात जाऊन फुप्फुसांना गंभीर इजा होते, असे दाखवून दिले. १८९८ मध्ये ऑगस्ट बीर याने पाठीच्या मणक्यात दिलेल्या भुलीचा प्रयोग केला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिझेरियनसाठी हीच पद्धत अधिक सुरक्षित म्हणून मान्य झाली. यामुळे एक मोठा बदल घडला. आई शुद्धीवर राहू लागली आणि बाळाचे पहिले रडणे तिला ऐकू येऊ लागले. पाठीतील इंजेक्शनमुळे जन्मभर कंबर दुखते, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. अभ्यासांतून त्यास पुष्टी मिळालेली नाही. बाळंतपणानंतरची कंबरदुखी सर्वसाधारण प्रसूती झालेल्या स्त्रियांतही आढळते.

५) शस्त्रक्रियेची गरज का पडते?

एकोणिसाव्या शतकातील बहुतेक सिझेरियन शस्त्रक्रियांचे कारण अरुंद ओटीपोट हे होते. मुडदूस झालेल्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्या ओटीपोटाची हाडे वाकलेली राहत. भारतातही हा प्रश्न होता. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये पडदा पद्धती व मातृत्व यांचा संबंध मांडला. उन्हापासून वंचित राहिलेल्या, बंदिस्त जीवन जगणाऱ्या स्त्रियांची हाडे मऊ पडून ओटीपोट विकृत होते आणि बाळंतपण अडते, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणजे शस्त्रक्रियेचे कारण शरीरात दिसत असले तरी त्याचे मूळ घराच्या रचनेत व सामाजिक रूढीत होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात प्रश्न विचारण्याच्या संधीचाच अभाव होता. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्याचा संकोच हा मोठा अडथळा होता. आनंदीबाई जोशी यांचे मूल १८७८ मध्ये जन्मानंतर दहा दिवसांतच दगावले आणि वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा निर्धार त्यातून झाला. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांनी पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू परंपरेतील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच वर्षी मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभारलेले, स्त्री डॉक्टरांच्या देखरेखीखालील कामा रुग्णालय सुरू झाले. १८८५ मध्ये डफरिन फंडाची स्थापना झाली होती. डॉ. रखमाबाई १८९४ मध्ये इंग्लंडहून परतल्या व त्यांनी कामा रुग्णालयात व पुढे सुरत येथे काम केले. १९२६ मध्ये मुंबईच्या परळ भागात गिरणी कामगारांच्या वस्तीत नवरोजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. या घटनांचे महत्त्व केवळ उपचारांपुरते नाही. बाईला आपली शंका दुसऱ्या शिकलेल्या बाईजवळ बोलून दाखविण्याची जागा यामुळे प्रथमच निर्माण झाली.

आज कारणांची यादी बदलली आहे. मूल आडवे असणे, वारेने गर्भाशयाचे मुख झाकले जाणे, प्रसूतीची प्रगती थांबणे, बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावणे, आईचा रक्तदाब धोकादायक वाढणे ही प्रमुख कारणे आहेत. यांतील काहींमध्ये विलंब झाल्यास आई किंवा बाळ दगावू शकते. म्हणून सिझेरियनकडे सरसकट संशयाने पाहणे हेही अनैतिहासिक ठरेल. याच शस्त्रक्रियेने 'अडलेली बाई' हा शब्द आपल्या बोलण्यातून जवळजवळ हद्दपार केला आहे. देशातील मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७, तर महाराष्ट्रात ३३ इतके खाली आले. या घटीमागे अनेक कारणे असली, तरी वेळेवर मिळणारी शस्त्रक्रिया हे त्यांपैकी एक आहे.

६) एकदा सिझर, म्हणजे नेहमीच सिझर?

हा समज १९१६ चा आहे. न्यूयॉर्कचे एडविन क्रेगिन यांनी, एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच, या आशयाचे विधान केले. त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेतला जाई आणि पुढील प्रसूतीत तो उसवण्याची भीती मोठी होती. शिवाय त्यांचा रोख, पहिलीच शस्त्रक्रिया विचारपूर्वक करा, असे सुचविण्याकडे होता. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोचे मन्रो कर यांनी खालच्या भागातील आडव्या छेदाचा पुरस्कार केला व तो सर्वमान्य झाला. या छेदानंतर, योग्य निवड व सोयी असल्यास, प्रयत्न करणाऱ्या चारपैकी सुमारे तीन स्त्रियांची पुढील प्रसूती नैसर्गिक मार्गाने होऊ शकते. व्रण उसवण्याचा धोका सुमारे २०० मध्ये एक इतका असतो. तंत्र बदलले, पण जुन्या तंत्रावर बेतलेले वाक्य मात्र शंभर वर्षे टिकून राहिले. त्याचबरोबर, प्रत्येक सिझेरियनसोबत पुढच्या गर्भारपणी वार व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो, हेही स्त्रीला सांगितले गेले पाहिजे.

७) खरोखर गरज आहे का?

'मी वाचेन का' या प्रश्नाची जागा गेल्या चार दशकांत या प्रश्नाने घेतली आहे. १९८५ मध्ये ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे झालेल्या बैठकीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने, कोणत्याही प्रदेशात १० ते १५ टक्क्यांहून अधिक सिझेरियनचे समर्थन करता येत नाही, असे मत नोंदविले. २०१५ च्या निवेदनात, लोकसंख्येच्या पातळीवर प्रमाण १० टक्क्यांपलीकडे गेल्याने माता व नवजात मृत्यू घटत असल्याचे दिसत नाही, असे म्हटले. त्याचबरोबर विशिष्ट टक्केवारी गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येक स्त्रीला शस्त्रक्रिया मिळावी, यावर भर दिला.

भारतातील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. २००५-०६ मध्ये देशात ८.५ टक्के, २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. शेवटच्या फेरीत खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, तर शासकीय रुग्णालयांत १४.३ टक्के होते. तेलंगणात ६०.७ टक्के आणि नागालँडमध्ये ५.२ टक्के अशी दोन टोके दिसतात. स्त्रियांच्या शरीररचनेत प्रदेशागणिक एवढा फरक असू शकत नाही. खाजगी रुग्णालयांतील गुंतागुंतीच्या रुग्णांची संख्या, डॉक्टरांवरील कायदेशीर दडपण, वेळेची सोय, आर्थिक लाभ, कळांची भीती आणि आपल्याकडे मुहूर्त साधण्याची हौस, अशी अनेक कारणे यात मिसळलेली आहेत. मुहूर्तासाठी किंवा सोयीसाठी ३९ आठवड्यांपूर्वी नियोजित शस्त्रक्रिया केल्यास बाळाला श्वसनाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, हे आता निर्विवाद आहे. एकीकडे गरज नसता होणारी शस्त्रक्रिया आणि दुसरीकडे दुर्गम पाड्यावर गरज असूनही न मिळणारी शस्त्रक्रिया, या दोन्ही गोष्टी एकाच काळात घडत आहेत. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय रुग्णालयांत सिझेरियनसह प्रसूती विनामूल्य केली, ही या विषमतेवरील महत्त्वाची उपाययोजना होय.

८) निर्णय कोणाचा?

वरील सर्व प्रश्न शेवटी या प्रश्नापाशी येऊन थांबतात. शस्त्रक्रियेच्या कागदावर पतीची किंवा सासऱ्यांची सही घेण्याची प्रथा आपल्या परिचयाची आहे. कायद्याची दिशा मात्र वेगळी आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानली. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका स्त्रीवरील शस्त्रक्रियेच्या प्रकरणात निर्णय देताना, रुग्ण सज्ञान व समर्थ असता तिच्या आईने दिलेली संमती ही तिची संमती ठरत नाही, असे स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती दिल्यावरच संमतीला अर्थ येतो, असेही न्यायालयाने म्हटले. अधिपतीच्या अनुज्ञेपासून स्त्रीच्या स्वतःच्या संमतीपर्यंतचा हा प्रवास सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. कागदावर तो पूर्ण झाला आहे. प्रसूतिगृहाच्या दारात तो अद्याप पूर्ण व्हावयाचा आहे.

निष्कर्ष :

१. सिझेरियनविषयीच्या प्रश्नांचे तीन ऐतिहासिक टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात समाजाने मुलाविषयी, दुसऱ्या टप्प्यात वैद्याने आईच्या जिवाविषयी आणि तिसऱ्या टप्प्यात आईने स्वतः शस्त्रक्रियेच्या गरजेविषयी प्रश्न विचारला.
२. जंतुनाशक पद्धती, गर्भाशयाचे टाके, भूल, रक्तसंक्रमण व प्रतिजैविके यांच्या एकत्रित परिणामाने ही शस्त्रक्रिया सुरक्षित झाली. त्यात एकट्या व्यक्तीचे किंवा एकट्या खंडाचे श्रेय नाही.
३. आजचे अनेक समज हे कालबाह्य तंत्राचे अवशेष आहेत. 'एकदा सिझर म्हणजे नेहमीच सिझर' हे त्याचे ठळक उदाहरण होय.
४. सिझेरियनच्या वाढत्या प्रमाणाचे स्पष्टीकरण केवळ वैद्यकीय कारणांनी होत नाही. त्यामागे आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक कारणे आहेत.
५. संमतीचे तत्त्व प्राचीन असले तरी त्याचा धारक बदलला आहे. हा बदल म्हणजे या इतिहासाचा गाभा आहे. त्यामुळे गृहीतक सिद्ध होते.

समारोप :

आपल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थिनी पुढील काही वर्षांत माता होतील. त्यांतील कित्येकींना शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करावी लागेल. इतिहास, समाजशास्त्र, गृहविज्ञान आणि विज्ञान या विषयांच्या अध्यापकांनी हा विषय संकोच न करता वर्गात आणल्यास, ती सही समजून केलेली असेल. डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. ज्या प्रश्नांना उत्तरे मिळण्यासाठी असंख्य स्त्रियांना प्राण गमवावे लागले, ते प्रश्न विचारण्याची संधी आजच्या गर्भवतीला आहे. ती तिने घ्यावी, आणि तिला उत्तर देण्यास तिच्यासमोर बसलेल्यांनी वेळ काढावा, एवढी अपेक्षा या अभ्यासाअंती व्यक्त करणे उचित ठरेल.